डिंक पाण्याचा, त्वचा तेलाची

औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयात एम.फार्म.च्या प्रबंधांचे कपाट उघडले, तर एक विषय पुन्हापुन्हा हाती लागतो: अमुक झाडाचा डिंक वापरून तमुक औषधाचा त्वचेवर चिकटवायचा पॅच. डिंक कधी गवाराचा, कधी चिंचोक्याचा, कधी मेथीचा नाहीतर इसबगोलाचा. औषध बहुधा रक्तदाबाचे किंवा सांधेदुखीचे. प्रस्तावना ठरलेली असते. वनस्पतिज पॉलिमर स्वस्त, सुरक्षित, सहज मिळणारे, निसर्गात विरून जाणारे. निष्कर्षही ठरलेला: पॅच आशादायक आहे. या आशादायक पॅचपैकी एखादा औषधाच्या दुकानात शोधू गेले तर हात जवळजवळ रिकामे राहतात. गंमत अशी की वनस्पतिज पॉलिमर असलेले पॅच दुकानात खरेच आहेत. फक्त ते या प्रबंधांच्या वाटेने आलेले नाहीत.

असे का, याचे उत्तर डिंकात कमी आणि त्वचेत जास्त आहे. त्वचेचा सगळ्यात वरचा, मृत पेशींचा थर जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर जाडीचा असतो, पण बाहेरचा रेणू अडवण्याचे जवळजवळ सगळे काम तोच करतो. त्याची रचना विटांच्या भिंतीची: चपट्या पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधली मेदद्रव्ये म्हणजे चुना. औषध आत जाते ते बहुतांशी या चुन्यातून, वळसे घेत. चुना तेलकट असल्यामुळे तिथे तेलात विरघळणाऱ्या रेणूचे स्वागत होते. त्यातही रेणू लहान हवा. साधारण ५०० डाल्टनच्या वर गेलात की दार बंद, असा एक ढोबळ नियम या क्षेत्रात सर्रास वापरला जातो. पलीकडे रक्त पाण्याचे असल्यामुळे थोडी पाण्यातली विद्राव्यताही लागते. आणि इतके सगळे जुळले तरी हाताच्या पंजाएवढ्या जागेतून दिवसाला काही मिलिग्रॅमच आत जातात.

बाजारातले आकडे पाहिले की हे पटते. प्रवासातल्या मळमळीवरचा स्कोपोलामिनचा पॅच तीन दिवसांत मिळून एक मिलिग्रॅम देतो. इस्ट्रॅडायॉलचा नेहमीचा पॅच दिवसाला ०.०५ मिलिग्रॅम. फेंटानिलचा एक सर्रास वापरला जाणारा पॅच तासाला २५ मायक्रोग्रॅम. निकोटिनचा मोठा पॅच दिवसाला २१ मिलिग्रॅम देतो आणि तो या मांडवातला जवळजवळ सगळ्यात दांडगा गडी. आता डिल्टियाझेम घ्या, प्रबंधांमधले एक लाडके औषध. त्याची तोंडावाटे मात्रा दिवसाला १२० ते ३६० मिलिग्रॅम. गोळीतला मोठा भाग यकृतातच खर्ची पडतो हे धरले, तरी उरलेले पॅचच्या आवाक्यात येत नाही. पॉलिमर कोणता वापरला, हा प्रश्न इथे पोचायच्या आधीच खेळ आटोपलेला असतो.

अमेरिकेत पहिला ट्रान्सडर्मल पॅच १९७९ मध्ये मंजूर झाला. तो हाच, कानामागे लावायचा स्कोपोलामिनचा; आलेहान्द्रो झाफारोनी यांनी स्थापलेल्या अल्झा कंपनीचा. त्याची घडण अजूनही शिकण्यासारखी आहे. बाहेरून औषध न झिरपणारा पाठीचा पडदा, मग औषधाचा साठा, मग वेग ठरवणारी बारीक छिद्रांची पॉलिप्रॉपिलीनची पातळ चकती, मग चिकट थर आणि शेवटी लावण्याआधी सोलून टाकायचे अस्तर. पुढे बऱ्याच पॅचमध्ये साठा आणि चिकट थर एकच झाला: औषध थेट चिकट पॉलिमरमध्येच विरघळवलेले. हे चिकट पॉलिमर म्हणजे अ‍ॅक्रिलिक, पॉलिआयसोब्युटिलीन किंवा सिलिकोन, सगळे कारखान्यातले. स्कोपोलामिन धोतऱ्याच्या कुळातले, निकोटिन तंबाखूचे, आणि २००९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या ८ टक्क्यांच्या पॅचमधले कॅप्सेसिन मिरचीचे. औषध झाडाचे आणि त्याचे घर बहुतांशी खनिज तेलाचे, हे चित्र पाहून कुणाला घरही झाडाचेच असावे असे वाटले तर त्यात नवल नाही.

इथे डिंकाची अडचण सुरू होते. गवाराचा डिंक म्हणजे मॅनोज साखरेची लांबच लांब साखळी आणि दर दोन मॅनोजमागे गॅलॅक्टोजची एक फांदी. चिंचोक्यातल्या झायलोग्लुकनचा कणा सेल्युलोजसारखाच, पण झायलोजच्या फांद्यांमुळे ते पाण्यात फुलते. घोंगडीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ देतात ती याच गुणावर. या रेणूंच्या अंगभर पाण्याला धरून ठेवणारे हायड्रॉक्सिल गट असतात, त्यामुळे त्यांच्या पापुद्र्यात पाण्यात विरघळणारी औषधे आनंदाने राहतात. त्वचेला हवी असतात नेमकी उलटी. इस्ट्रॅडायॉल किंवा फेंटानिल डिंकाच्या पापुद्र्यात घातले तर ते नीट विरघळत नाही, त्याचे स्फटिक होतात, आणि स्फटिकात अडकलेला रेणू त्वचेकडे सरकत नाही. उलट डिल्टियाझेम हायड्रोक्लोराइडसारखा क्षार डिंकात छान मिसळतो, पापुद्रा काचेसारखा स्वच्छ येतो, पण त्वचेच्या तेलकट चुन्याला तो नको असतो. पापुद्रा देखणा होतो म्हणून औषध निवडायचे, ही या विषयातली जुनी खोड आहे.

स्फटिकांची भीती पुस्तकी नाही. पार्किन्सनवरचा रोटिगोटिनचा पॅच अमेरिकेत २००७ मध्ये मंजूर झाला आणि पुढच्याच वर्षी त्यात हिमकणांसारखे स्फटिक दिसू लागल्याने मागे घेतला गेला. नव्या घडणीने तो परत आला २०१२ मध्ये. सगळी साधने हाताशी असलेल्या कंपनीची ही गत. डिंकाच्या पॅचवरच्या किती निबंधांत सहा महिन्यांनी स्फटिक तपासलेले असतात, हे ज्याने त्याने चाळून पाहावे.

सगळेच वनस्पतिज पॉलिमर पाण्याचे नसतात, हे मात्र विसरले जाते. रबर, पाइनची राळ, दमर, मक्यातले झाइन नावाचे प्रथिन हे तेलाच्या बाजूचे. एथिल सेल्युलोजही, पण ते रासायनिक संस्कार केलेले. या बाजूचे लक्षणीय काम आपल्याकडे नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात झाले. तिथल्या संशोधकांनी २००५ च्या सुमारास पॉलिमराइज्ड रोझिनचे, म्हणजे व्हायोलिनच्या गजाला लावतात त्या राळेच्या सुधारित रूपाचे, पापुद्रे तयार केले; काही वर्षांनी दमर बटू या राळेवरही तसेच काम केले. दिशा मला योग्य वाटते. पण त्यातली एक गोष्ट बारकाईने पाहावी अशी आहे. राळ एकटी ठिसूळ असते, वाकवली की तडकते. नागपूरच्या रोझिनच्या पापुद्र्याला लवचिकपणा आला तो पॉलिव्हिनिल पायरोलिडोन आणि ३० टक्के डायब्युटिल थॅलेट घातल्यावर. पुढे २०१२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने औषधांत टाळावीत म्हणून ज्या दोन थॅलेटांची नावे घेतली, त्यांत एक हेच. म्हणजे पापुद्र्याचा नैसर्गिकपणा त्याला मऊ ठेवणाऱ्या रसायनाइतकाच. ही गोची एकट्या नागपूरची नाही. गवाराच्या डिंकाला कार्बोक्झिमिथिल गट लावायचा, चिंचोक्याच्या डिंकावर अ‍ॅक्रिलामाइडच्या साखळ्या कलम करायच्या, आणि शीर्षकात तरीही नैसर्गिक लिहायचे, हे सर्वत्र चालते.

रबराची गोष्ट याहून जुनी. हँबुर्गचे औषधविक्रेते पाउल बायर्सडॉर्फ यांनी १८८२ मध्ये ज्या औषधी पट्टीचे पेटंट घेतले, तिचा आधार गटापर्चा होता: मलायातल्या झाडाचा चीक, रबराचाच चुलतभाऊ. नंतरच्या चिकटपट्ट्या रबर आणि झिंक ऑक्साइडच्या. तेव्हा आजच्या पॅचचे घराणे मुळात वनस्पतिजच. खनिज तेलवाले पॉलिमर मागाहून आले, आणि ते येण्यामागे एक कारण नैसर्गिक रबराच्या चिकातली प्रथिने होती. काहींना त्यांची जबर अ‍ॅलर्जी होते. थायलंडमध्ये, जिथे रबर मुबलक, सोंगक्ला विद्यापीठातल्या संशोधकांनी ही प्रथिने काढून टाकलेल्या चिकापासून निकोटिनचे पॅच बनवून पाहिले. तेलकट पॉलिमर, योग्य आकाराचे औषध, आवाक्यातली मात्रा: इथे प्रश्न तरी नीट विचारलेला आहे.

आता त्या डिंकाकडे येऊ ज्याने त्वचेवर खरेच नाव कमावले. कांडोळ, सातपुड्यात आणि मध्य भारतातल्या खडकाळ डोंगरउतारांवर वाढणारे, कागदासारख्या गुळगुळीत पांढऱ्या खोडाचे झाड. व्यापारात त्याच्या डिंकाला कराया म्हणतात. हा डिंक पाण्यात धड विरघळत नाही, पण साठपट किंवा अधिक फुगतो आणि ओल्या पृष्ठभागाला घट्ट धरतो. दातांच्या कवळ्या बसवायला तो वापरात होताच. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमधले शल्यविशारद रूपर्ट टर्नबुल यांनी तो पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाभोवती वापरायला सुरुवात केली. त्याआधी अशा रुग्णांची कातडी पाझरणाऱ्या पाचकरसाने सोलवटून निघत असे. कराया त्या ओलाव्यालाच चिकटायचा, ओलावा शोषायचा, खालची त्वचा वाचवायचा. पुढे हृदयाचा आलेख काढण्याच्या आणि वेदनाशामक विद्युत उपचाराच्या इलेक्ट्रोडखाली तो आला, कारण ओला डिंक वीजही वाहून नेतो. आणि औषधी पॅचमध्येही आला: चामखिळीवरचा १५ टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा पॅच करायाच्या पायावर बनवलेला असे. औषधाने रक्तापर्यंत जायचेच नव्हते. जिथे लावले तिथेच चामखीळ मऊ करून सोलायची होती, आणि डिंकाने कोंडलेला ओलावा त्याला मदतच करत होता.

करायाचे दोषही त्याच ठिकाणी उघडे पडले. घाम आणि उष्णतेने तो वितळून पसरतो. त्याच्या साखळीवरचे अ‍ॅसिटिल गट दमट हवेत सुटतात, साठवलेल्या डिंकाला व्हिनेगरचा वास येतो आणि त्याचा चिकटपणा हळूहळू उतरतो. आतड्याच्या पिशव्यांखाली मग त्याची जागा एका मिश्रणाने घेतली: लिंबूवर्गीय सालींतले पेक्टिन, जिलेटिन, सोडियम कार्बोक्झिमिथिल सेल्युलोज आणि या सगळ्यांना बांधणारे पॉलिआयसोब्युटिलीन. जखमांवरच्या आजच्या हायड्रोकोलॉइड पट्ट्या याच घराण्यातल्या. पाणी धरायला झाडाचे पॉलिमर, घामातही चिकटून राहायला खनिज तेलाचे. मला हे मिश्रण तडजोड वाटत नाही. ज्याचे जे काम त्याला ते दिलेले आहे.

नागीण बरी झाल्यावर मागे राहणाऱ्या जळजळीवरचा लिडोकेनचा पॅच अमेरिकेत १९९९ मध्ये मंजूर झाला. त्याच्या १४ ग्रॅम ओलसर लगद्यात ७०० मिलिग्रॅम लिडोकेन असते आणि लगद्याच्या घटकांमध्ये जिलेटिन, पॉलिअ‍ॅक्रिलिक अ‍ॅसिड यांच्या बरोबरीने सोडियम कार्बोक्झिमिथिल सेल्युलोज आहे. म्हणजे लाकडाच्या किंवा कापसाच्या सेल्युलोजचे एक रूप. रक्तात जाते ते जेमतेम ३ टक्के, आणि तेच अपेक्षित आहे; औषधाने खालच्या नसा शांत करायच्या आहेत. डायक्लोफिनॅकचा २००७ मध्ये अमेरिकेत आलेला पॅच याच जातीचा. वनस्पतिज पॉलिमर दुकानात कुठल्या वाटेने पोचले, ते या दोन पॅचवरून दिसते: औषध जागच्या जागी काम करणारे, पॅच ओला, आणि पॉलिमर असा की ज्याची प्रत औषधकोशात ठरलेली आहे.

प्रबंधांमधली परीक्षा मात्र वेगळीच असते. द्रावण पेट्री डिशमध्ये ओतून वाळवायचे. जाडी, वजन, घडी सोसण्याची ताकद, ओलावा मोजायचा. मग फ्रान्झ सेल या दोन कप्प्यांच्या उपकरणात पापुद्रा ठेवून किती तासांत किती औषध सुटले ते पाहायचे आणि त्या वक्राला औषध सुटण्याच्या गतीचे हिगुची किंवा कोर्समायर-पेपास यांचे समीकरण बसवायचे. फ्रान्झ सेल हे उत्तम उपकरण आहे, १९७५ पासून वापरात आहे. पण त्यात मधला पडदा म्हणून बऱ्याचदा सेलोफेन असते, फार तर उंदराची कातडी. सेलोफेनला तेलकट चुनाच नाही. उंदराची कातडी माणसाच्या मानाने औषधाला बरीच सैल. डुकराच्या कानाची त्यामानाने जवळची. सेलोफेनमधून १२ तासांत ९० टक्के औषध बाहेर पडले, याचा अर्थ डिंक पाण्यात ओला झाला एवढाच. चिकटपणा किती, सोलताना किती जोर लागतो, घामेजलेल्या पाठीवर दोन दिवस टिकतो का, हे पॅचचे पहिले प्रश्न निबंधांच्या तक्त्यांत क्वचित भेटतात. बऱ्याच पापुद्र्यांना चिकट थरच नसतो. ते त्वचेवर बसवायला वरून वेगळी टेप लागते.

स्वस्त आणि सुरक्षित हे दोन शब्दही एवढे सरळ नाहीत. त्वचारोगतज्ज्ञ अ‍ॅलर्जी शोधायला पाठीवर जे पदार्थ लावून पाहतात, त्या ठरलेल्या यादीत पाइनची राळ २० टक्के प्रमाणात आहेच, ‘बाल्सम ऑफ पेरू’ ही राळही आहे. गवाराच्या डिंकाच्या भुकटीने कारखान्यातल्या कामगारांना दमा झाल्याच्या नोंदी आहेत. किमतीचे म्हणाल तर २०११-१२ मध्ये अमेरिकेतल्या शेल वायूच्या विहिरींनी गवाराचा डिंक इतका ओढला की राजस्थानातल्या बाजारात भाव दहापटीच्या घरात गेले आणि मार्च २०१२ मध्ये त्याचे वायदे थांबवावे लागले. औषधात लागणारा डिंक त्या उलाढालीच्या मानाने चिमूटभर, पण भाव त्यालाही तोच. कांडोळाच्या बाबतीत झाडच पणाला लागते. खोडावर खोल घाव घालून अधिक डिंक काढायच्या नादात अनेक भागांत झाडे वाळून गेली.

हवेचा प्रश्न आपल्याला अधिक जवळचा. उष्ण आणि अतिदमट प्रदेशांसाठी औषधाचा टिकाऊपणा ३० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के आर्द्रतेत पाहतात. रत्नागिरीचा जुलै त्याहून दमट. डिंकाचा पापुद्रा तिथे पाणी ओढतो, लिबलिबीत होतो, त्यावर बुरशी धरते. तोच पापुद्रा मे महिन्यात चंद्रपूरला कडक होऊन तडकतो. उपाय म्हणून ग्लिसरिन घालावे तर ते स्वतःच पाणी ओढते. पर्यावरणाच्या दाव्याबद्दल एकच गोष्ट सांगण्यासारखी आहे: डिंकाच्या पॅचच्याही पाठीला बहुतेकदा प्लॅस्टिकचाच पडदा असतो आणि सोलून टाकायच्या अस्तराला सिलिकोनचा लेप.

या सगळ्यात एक वाट मात्र अशी आहे जिथे डिंकाचा दोषच गुण ठरतो. त्वचेचा तेलकट थर ओलांडायचा नसून टोचून पार करायचा असेल, तर औषध तेलात विरघळणारे असायची गरजच उरत नाही. ५०० डाल्टनची मर्यादाही गळून पडते. मिलिमीटरहून बारीक सुयांचे पॅच यासाठी आहेत. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमध्ये मार्क प्राउस्निट्झ आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये विरघळणाऱ्या सुया मांडल्या, त्यासाठी वापरलेल्या पॉलिमरांत कार्बोक्झिमिथिल सेल्युलोज आणि स्टार्चमधले अ‍ॅमायलोपेक्टिन होते. सुई आत गेली की त्वचेतल्या पाण्यात विरघळते, बरोबरचे प्रथिन किंवा लस सोडते, मागे टोकदार कचरा राहत नाही. पाण्यावरचे प्रेम इथे कामी येते.

पण आता पॉलिमर त्वचेवर नाही, आत आहे, आणि तिथे हिशोब बदलतो. अ‍ॅमायलोपेक्टिन तोडायला शरीरात अ‍ॅमायलेज आहे. सेल्युलोज तोडणारे विकर माणसाकडे नाही, गवाराची मॅनोजची साखळी तोडणारेही नाही; कार्बोक्झिमिथिल सेल्युलोजची साखळी पुरेशी आखूड असेल तर मूत्रपिंडातून बाहेर जाते, लांब असेल तर कुठे साठते ते पाहावे लागते. डिंकाबरोबर येणारे जिवाणू आणि त्यांची विषे त्वचेवर खपून गेली, आत खपणार नाहीत. आणि तुटणारा स्टार्चही निरुपद्रवी मानून चालत नाही. शस्त्रक्रियेच्या हातमोज्यांवरची मक्याच्या स्टार्चची पूड पोटात राहून गाठी आणि चिकटलेली आतडी निर्माण करते, हे अनेक दशके दिसत होते. अमेरिकेने पूड लावलेल्या हातमोज्यांवर बंदी घातली ती जानेवारी २०१७ पासून.

म्हणून मात्रा किती आणि किती वेळा, यावर सगळे ठरते. इन्सुलिनच्या सुयांचा पॅच रोज लावणाऱ्याच्या त्वचेत वर्षाला ३६५ वेळा पॉलिमर जाईल. लसीच्या पॅचमधून आयुष्यात एकदोनदा. लस पुढे निघाली आहे त्याचे हे एक कारण, लस थंड ठेवणाऱ्या शीतसाखळीतून मिळू शकणारी सूट हे दुसरे. गांबियात गोवर-रुबेलाच्या लसीचा बारीक सुयांचा पॅच ४५ प्रौढ, १२० थोडी मोठी मुले आणि ९-१० महिन्यांची १२० बाळे यांच्यात तपासला गेला आणि निकाल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी सुईने टोचलेली लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची होती. आधी लस न घेतलेल्या बाळांमध्ये गोवराविरुद्ध प्रतिपिंडे पॅचने ९३ टक्क्यांमध्ये आली, सुईने ९० टक्क्यांमध्ये. या चाचणीचा मुद्दा पॉलिमर कोणता हा नव्हता, पण स्टार्च किंवा सेल्युलोजची सुई घेऊन येणाऱ्याला आता मोजपट्टी मिळाली आहे. त्याने सेलोफेनमधला वक्र दाखवून भागणार नाही. सुईची ताकद, टोचल्यावर विरघळायला लागलेली मिनिटे, दमट हवेत महिनोन्‌महिने टिकणारी धार, जिवाणूजन्य विषाची पातळी आणि बाळाच्या रक्तातली प्रतिपिंडे, एवढे तरी त्याला मांडावे लागेल.